रणगाड्याची आंघोळ

अण्णा भोईरांच्या श्रद्धा दोनच. एक कार्ल्याची आई एकविरा आणि दुसरी धुतलेली गाडी. पैकी एकविरेला वर्षातून एकदा जायचं, गाडीला मात्र रोज सकाळी. बापाने मिठागरात घाम गाळला, अण्णांनी विटांचे आणि रेतीचे ट्रक चालवले, पुढे जमिनीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि चालवायचं काही उरलं नाही. पण धुणं सुटलं नाही ते नाहीच. कल्याण-शीळ रस्त्याला लागून, डोंबिवलीच्या अंगाला त्यांचं गाव. आता ते टॉवरांच्या मधोमध अडकलंय, नळाला पाणी येतं तेव्हा येतं, पण भोईरांच्या दारातली गाडी मळकी कोणी पाहिली नाही. गाडी धुवायला टँकर मागवणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत हा एकटाच. त्यांचं खरं नाव राघो, पण ते रेशनकार्डापुरतं. बाकी सगळ्या जगाचे ते अण्णा.

तर अशा माणसाच्या पोटी धनेश जन्माला आला. आता मुलगा वाईट होता का, तर अजिबात नाही. शिकला, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका डिझाईनच्या कंपनीत चिकटला, ऋतिकासारखी हुशार बायको मिळाली, दारू नाही, सिगरेट नाही. फक्त एक नाद होता. वरच्या मजल्यावर एका बारक्या खोलीत बसून तो प्लॅस्टिकचे रणगाडे बनवायचा. खोक्यात सुटे तुकडे यायचे. ते कापायचे, घासायचे, चिमट्याने धरून चिकटवायचे, रंगवायचे. खऱ्या रणगाड्याचा पस्तिसावा हिस्सा, दोन तळहातांवर मावेल असा. बायको म्हणायची, निदान घरात तरी असतो. आई म्हणायची, त्याला करूंदे काय करायचं ते. अण्णा काही म्हणायचे नाहीत, कारण ते तिकडे बघायचेच नाहीत. छत्तीस वर्षांचा माणूस आणि हे असले उद्योग, यात बघण्यासारखं काय असणार, असं त्यांचं मत होतं.

न बोलते तर बरं होतं. पण माणसाची जीभ कधी कुठे घसरेल सांगता येत नाही, आणि अण्णांची तर घसरायचीच.

धाकट्या लेकीचा, कृतिकाचा, साखरपुडा होता. हॉल भरलेला, नवरीकडचे, नवऱ्याकडचे, मटणाचा वास सुटलेला. व्याह्यांनी सहज विचारलं, मोठे चिरंजीव काय करतात? अण्णा रंगात आले होते. म्हणाले, "पोऱ्या आमचा रणगारे बनवतो. छत्तिसावा लागला, पन खेलनी सुटली नाय." लोक हसले. लोक हसले की अण्णांना चेव चढतो. हॉलच्या दाराशी फुगेवाला उभा होता, त्याच्याकडून त्यांनी एक खुळखुळा घेतला आणि सगळ्यांच्या देखत धनेशच्या हातात दिला. अख्खा हॉल खो खो हसला. धनेशही हसला, खुळखुळा खुर्चीवर ठेवला आणि जेवायला न बसता घरी गेला.

त्या दिवसापासून तो अण्णांशी बोलेना. भांडणही नाही, तक्रारही नाही. विचारलं तर "हो", "नाही", "पाणी आलंय". एवढ्यात मामला संपायचा. आधी रोज संध्याकाळी कामावरून आला की बापलेक ओट्यावर बसून चहा प्यायचे. रस्त्यावरच्या डंपरना शिव्या घालायचे, नगरसेवकाला शिव्या घालायचे, वेळ छान जायचा. आता धनेश चहाचा कप घेऊन सरळ वर. अण्णा ओट्यावर एकटे बसून एकट्यानेच डंपरना शिव्या द्यायचे, आणि त्यात काही मजा नसायची.

चूक आपली हे अण्णांना कळत होतं. पण त्या पिढीत सॉरी म्हणायची पद्धत नव्हती. फार तर बाजारात जाऊन काहीतरी आणायचं. त्यांनी चिंबोऱ्या आणल्या, भरलेल्या, लाल नांग्यांच्या. धनेशने खाल्ल्या, हात धुतले, वर गेला. पुढच्या आठवड्यात गावठी कोंबडा आणला. तोही तसाच पोटात गेला. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "तुमची माफी मागून होईतोवर आमाला सगल्यांना शुगर नि कोलेस्टेरॉल होनार हाय." बायको म्हणून त्यांना अण्णांच्या पोटातलं सगळं दिसत होतं, पण मदत करायची त्यांची काही इच्छा दिसली नाही. "जल्लं तुमचं त्वांड, तुमीच निस्तरा," एवढाच सल्ला मिळाला.

मग अण्णा चोरून बघायला लागले. गच्चीवर टाकीचं पाणी बघायला जातो असं सांगायचं आणि जाताना त्या खोलीच्या खिडकीशी रेंगाळायचं. टाकीत इतकं पाणी कोणी इतक्यांदा बघत नाही, पण घरात कोणी काही बोललं नाही.

खिडकीतून जे दिसलं त्याने अण्णा चाट पडले. टेबलावर सेंच्युरियन रणगाडा तयार होत होता, पासष्टच्या लढाईत आपल्या फौजेकडे होता तो. खोक्यावरच्या चित्रावरून अण्णांना एवढं कळलं. धनेश भिंग लावून एकेक पट्टी साखळीला जोडत होता. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे. मध्येच एक उडाला तर हा बाबा गुडघ्यांवर बसून बॅटरी घेऊन अर्धा तास शोधत बसला, आणि शोधून काढलाच. अण्णांना आपला जुना क्लीनर आठवला, त्याला ट्रकचा अख्खा जॅक सापडायचा नाही. मग हिरवा रंग चढला. असा एकसारखा, असा गुळगुळीत, की अण्णांनी खिडकीच्या काचेला नाक टेकवलं. ट्रकांच्या रंगाऱ्यांकडून आयुष्यभर जे झालं नाही ते आपल्या पोराने एका खोलीत बसून केलं. उद्या सांगायचं त्याला, अण्णांनी ठरवलं. उद्या सकाळी सरळ सांगायचं, झकास रंग मारलास म्हणून.

उद्याची सकाळ झाली, अण्णा टाकीचं पाणी बघायला गेले आणि खिडकीशी खिळून उभे राहिले. धनेश त्या रणगाड्याचा रंग टूथब्रशने खरवडत होता.

नुसता खरवडत नव्हता. अगोदर त्याला ऋतिकाचा केसांचा स्प्रे मारला होता, हे अण्णांना जिना उतरल्यावर कळलं, कारण खाली स्वयंपाकघरात ऋतिका सासूला सांगत होती की नवाकोरा स्प्रे होता, माझ्या केसांना एकदा लागला आणि बाकीचा रणगाड्याच्या केसांना. पुढच्या दिवसांत तर कहरच झाला. पोराने काळं तेलकट पाणी करून रणगाड्याच्या सगळ्या फटींत सोडलं. स्पंजच्या तुकड्याने तांबेरा टिपला. पत्र्याला गंज चढावा तसा रंग त्याने स्वतःच्या हाताने चढवला. शेवटी खाडीवरून आणलेला चिखल वाळवून, चाळून, कसल्याशा डिंकात कालवला आणि साखळीपासून मडगार्डापर्यंत फासला. फासताना तोंडात पेन्सिल, डोळे बारीक.

अण्णा ओट्यावर येऊन बसले. पोरगा दुःखात आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. कोणी रागात ताटं आपटतो, कोणी दारू पितो. भोईरांचा पोर आहे हा, याने गाडीला चिखल फासला. भोईरांच्या घरात याच्यापुढे माणूस काय करणार?

खात्री करून घ्यायला ते मोहने गावात बाबुरावांकडे गेले. बाबुराव म्हणजे जुने दोस्त, ठाण्याच्या कोर्टात जन्मभर कारकुनी केलेले, त्यामुळे चहात साखर कमी आहे हेसुद्धा निकाल दिल्यासारखं सांगायचे. अण्णांनी सगळं कथन केलं. खुळखुळ्याचा भाग जरा भरभर सांगितला.

"थांबा," बाबुराव म्हणाले. "मुलगा नवीन वस्तू स्वतः तयार करतो, आणि मग ती स्वतःच खराब करतो. बरोबर?"

"बरोबर."

"आणि हे त्या अपमानानंतर सुरू झालं."

"अपमान म्हंजे, गंमत केली मी."

"अपमानानंतर," बाबुराव म्हणाले. "अण्णा, हे डिप्रेशन आहे. टीव्हीवर सांगतात. माणूस आतून खचला की आंघोळ करत नाही, घर आवरत नाही. तुमचा मुलगा स्वतः आंघोळ करतो ना?"

"करतो. रोज."

"मग त्याने ते सगळं रणगाड्यावर काढलंय. उपाय एकच. तुम्ही पुढाकार घ्या. त्याच्या वस्तूची किंमत तुम्हाला आहे, हे त्याला दिसू दे. बोलून नव्हे, तुम्ही बोलू नका, तुम्ही बोललात की वांधे होतात. करून दाखवा."

त्यांच्या सूनबाई मृणाल पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो पण काका, त्यालाच विचारा ना, चिखल का लावलास म्हणून." दोघा म्हाताऱ्यांनी असं पाहिलं की त्या बश्या ठेवून आत गेल्या. आणि इथेच, मंडळी, सगळा घोळ झाला. एका सरळ प्रश्नात काम होतं. पण सरळ प्रश्न विचारायचा तर आपण खिडकीतून बघतो हे कबूल करावं लागणार, आणि ते अण्णांकडून होणार नव्हतं.

करून दाखवायचं ते कधी, हे ठरवायला पंचांग लागलं नाही. खंडेनवमी तोंडावर आली होती. त्या दिवशी भोईरांच्या दारात जे असतं ते इतर कुठे बघायला मिळत नाही. सकाळपासून पाइप सुरू. कार, स्कूटर, जुना टेम्पो, कोयते, कुदळ, बोअरवेलची मोटर, शिलाई मशीन, घरातलं जे जे चालतं किंवा कापतं ते सगळं धुवून पुसून ओळीत मांडायचं. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. गेल्या वर्षी ऋतिकाच्या लॅपटॉपचीही आंघोळ होणार होती, ती तिने तो मांडीखाली घेऊन बसून टाळली.

ऋतिकाकडून अण्णांना एवढं कळलं होतं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ठाण्यात रणगाड्यांचं कसलंसं प्रदर्शन आहे, तिथे धनेश तो घेऊन जाणार आहे. तसाच, माखलेला. चार लोकांत. भोईरांच्या घरात पाणी येत नाही असं लोकांना वाटेल, याची कल्पनाही अण्णांना सहन झाली नाही. आणि विचार करा, रणगाडा म्हणजे गाडीही आणि हत्यारही. खंडेनवमीला दोन्ही बाजूंनी ज्याचा मान आहे अशी वस्तू घरात, आणि तीच पारोशी?

धनेश त्या सकाळी काचेची पेटी आणायला ठाण्याला गेला. अण्णा वर गेले, रणगाडा दोन्ही हातांनी उचलला, बाळंतिणीचं मूल आणावं तसा खाली आणला आणि पसरट तसराळ्यात ठेवला.

पाइपाने नाही हो, इतके काही ते हे नव्हते. कोमट पाणी घेतलं, थोडा शाम्पू, दाढीचा मऊ ब्रश. चिखल लगेच सुटला. तांबेरा जरा चिवट होता, त्याला डिझेलचं फडकं लागलं. पण पाणी लागल्यावर खालचा हिरवा रंगही सालपटं निघावीत तसा सुटायला लागला, आणि अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. तो केसांचा स्प्रे पाण्यात विरघळतो, त्यावरचा रंग त्यामुळेच सुटतो, हे त्यांना कोण सांगणार? पण जन्मभर ट्रक सांभाळलेला माणूस. खोलीतून हिरव्या रंगाची बाटली आणली, बारीक ब्रश आणला, चष्म्यावर लक्ष्मीबाईंचा चष्मा चढवला आणि जिथे जिथे रंग गेला तिथे तिथे हात मारला. वाळल्यावर वरून टायरचं पॉलिश. शेवटी रणगाडा असा चमकला की त्यात ओट्यावरचा बल्ब दिसत होता.

हळदकुंकवाची बोटं लावली, करंगळीची, कारण अंगठ्याने अख्खा रणगाडाच पिवळा झाला असता. हार लक्ष्मीबाईंनी केला. झेंडूच्या पाकळ्या बारीक चिरून सुईने ओवल्या. लिंबाचं मात्र अडलं. खरं लिंबू शेजारी ठेवलं तर ते रणगाड्याच्या डोक्याएवढं दिसायला लागलं. लक्ष्मीबाईंनी मसाल्याचा डबा उघडला, मोहरीत बोट फिरवलं, त्यातले पिवळट दाणे निवडले आणि दोन्ही साखळ्यांच्या पुढ्यात एकेक ठेवला. "लिंबू," त्या म्हणाल्या. अण्णांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते डिझेलने आलं असं त्यांनी सांगितलं.

धनेश पेटी घेऊन फाटकातून आत आला. ओळीत कार, स्कूटर, टेम्पो, कोयते, आणि शेवटी पाटावर त्याचा रणगाडा. तो थांबला. पेटी हळूच खाली ठेवली. मग तो बोलायला लागला.

काय बोलला म्हणून विचारू नका. इतके दिवस साठलेलं धरण फुटलं. तीन महिने, अण्णा, तीन महिने मी हा घाण करत होतो, असं तो म्हणाला. नवा रणगाडा कोणीही बनवतो, तो लढाईतून आल्यासारखा जुना दिसणं हीच तर खरी कला, आणि उद्याची स्पर्धा त्याचीच आहे, असं म्हणाला. गंज कुठे बसतो ते बघायला मी मोहन्याच्या बंद कंपनीच्या फाटकापाशी जाऊन बसलो, वॉचमनने हाकललं. चिखल कसा उडतो ते बघायला शीळ रस्त्यावर डंपरच्या मागे स्कूटर घेऊन फिरलो, ड्रायव्हरला वाटलं मी रेतीच्या पावत्या तपासणारा तहसीलदाराचा माणूस, त्याने मला थांबवून जबरदस्तीने वडापाव खायला घातला. आणि तुम्ही शाम्पू लावलात, अण्णा? शाम्पू? टॉवरच्या गॅलऱ्यांत लोक येऊन उभे राहिले. धनेशचा आवाज चढत गेला, हिरव्या रंगाच्या बाटलीवर आला, टायरच्या पॉलिशवर आला.

अण्णा पाइप हातात धरून ओट्यावर बसले होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत चालला होता.

"हसताय काय तुम्ही?"

"नाय, तू बोल," अण्णा म्हणाले. "बोल ना. थांबलास कशाला?"

खोटं कशाला सांगू, शब्दांचा अर्थ त्यांच्या डोक्यात अजून पोचलाच नव्हता. पोरगा बोलतोय, एवढंच पोचलं होतं. अर्थ सावकाश पोचला, आणि पोचला तसा चेहरा उतरला. "म्हंजे तो चिखल तू मुद्दाम लावलास? मना वाटला, माज्या रागानं फासलास. त्या साखरपुड्याला मी... ते जे केला."

धनेशने वाकून रणगाडा पाटावरून उचलला. मग म्हणाला, "राग आला की मी रणगाडा बनवत बसतो, अण्णा. राग काढायला तो खराब नाही करत." आणि आवाज पुन्हा त्या जुन्या, पाणी-आलंय पट्टीत गेला. "आता एका दिवसात काही होणार नाही. थर वाळावे लागतात. हा असाच जाईल उद्या, आणि तुम्ही पण येताय. हे काय आहे ते तिथे तुम्हीच सांगा."

दसऱ्याच्या सकाळी दोघे कारमधून निघाले. अण्णांनी एकदा पुलाच्या कामावरून विषय काढून पाहिला, धनेशने "हो" म्हटलं. मागच्या सीटवर पेटीत हारासकट रणगाडा चमकत होता.

एका शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलं लावली होती आणि त्यांवर रणगाडेच रणगाडे. गंजलेले, तुटलेले, चिखलात बुडालेले, काजळी धरलेले. अण्णा ओळीने बघत गेले. "एकाच्यापन घरी पानी येत नाय," ते पुटपुटले. पण बघता बघता त्यांना दिसायला लागलं. चिखल उगाच नव्हता, जिथे चाक फिरतं तिथेच होता. रंग उगाच उडाला नव्हता, जिथे माणसाचा पाय पडतो तिथे उडाला होता. त्यांच्या पोराने तर हे सगळं याहून चांगलं केलं होतं. त्यांनी ते खिडकीतून बघितलं होतं आणि दाढीच्या ब्रशने घालवलं होतं. अण्णांना फार वाईट वाटलं, आणि यात चिंबोऱ्या आणूनही काही होणार नाही हे त्यांना कळलं.

शेजारच्या टेबलावर नील नावाचा घोडबंदरचा दातांचा डॉक्टर होता. दरवर्षी पहिला यायचा. दात कोरायची सगळी हत्यारं रणगाड्यावर चालवायचा. त्याने धनेशचा रणगाडा पाहिला आणि चष्मा वर केला. "अरे धनेश, लहान मुलांचं टेबल तिकडे आहे. खेळणी तिथे ठेवायचीत."

"खेलनं नाय ते," अण्णा म्हणाले. एकदम आणि मोठ्याने, आजूबाजूचे वळून बघायला लागले. "रणगारा हाय. माज्या पोऱ्यानं बनवलाय. एकेक पट्टी हातानं जोरलीय त्यानं. तुमी दात बगा."

धनेशने वळून अण्णांकडे पाहिलं.

परीक्षक आले. रिसालदार घोलप, रणगाड्यांच्या फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, कणा ताठ. सगळ्या चिखलांवरून नजर फिरवत ते भोईरांच्या टेबलापाशी आले आणि थबकले. वाकले. आणखी वाकले.

"हे खाली काय आहे?"

"लिंबू," अण्णा म्हणाले. "मोहरीचा. काल खंडेनवमी झाली ना. गारी धुतली, पूजा केली."

रिसालदारांचा चेहरा बदलला. "धुतली. अहो, आमच्याकडे दसऱ्याला रणगाडा असाच धुवायचे. आदल्या दिवशी सगळी पोरं पाण्याच्या बादल्या घेऊन. डिझेलच्या फडक्याने असा चमकवायचो, आरशासारखा." ते पुन्हा वाकले, हळदीचं बोट पाहिलं, हार पाहिला. धनेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. नील डॉक्टर अस्वस्थ झाला. रिसालदारांनी रणगाड्याला एक पूर्ण फेरी मारली आणि सरळ उभे राहिले.

"नारळ कुठे आहे?"

"नारल?"

"पूजा झाली, लिंबू ठेवलं, आणि नारळ नाही? नारळ फोडल्याशिवाय आमचा एकही रणगाडा जागचा हलायचा नाही. एक तरी करवंटी दिसायला हवी होती इथे."

"आमी एकच नारल फोडतो," अण्णा म्हणाले. "कारच्या म्होरं. त्यात सगल्या गाऱ्या येतात."

"प्रत्येक गाडीला वेगळा नारळ असतो, काका. नियम आहे."

"तुमचा सरकारी नारल. आमी विकत आनतो."

"प्रश्न पैशाचा नाही, शिस्तीचा आहे."

"मग देवीनं तक्रार केलीय का कधी? आमची एक गारी बंद पडली नाय आजवर."

हॉलमधली माणसं गोळा झाली. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता आपण पुन्हा चार लोकांत पोराची लाज काढली, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण जीभ काही थांबेना. आणि तेवढ्यात बाजूने आवाज आला.

"सर, अण्णा बरोबर बोलतायत." धनेश पुढे झाला होता. "आमच्या घरी एकच नारळ फुटतो. माझ्या जन्मापासून बघतोय मी. हा रणगाडा आमच्या दारात धुतलाय, तुमच्या रेजिमेंटमध्ये नाही. तेव्हा नियम आमचा लागणार."

"स्पर्धा फौजेच्या गाड्यांची आहे," रिसालदार म्हणाले.

"पूजा भोईरांची आहे," धनेश म्हणाला.

कोणीच मागे हटलं नाही. शेवटी रिसालदारांनी माइकवरून सांगितलं की भोईरांचं काम फारच वेगळं होतं, परंतु पूजाविधी अपुरा राहिल्यामुळे विचार करता आला नाही. पहिला नंबर नील डॉक्टरचा. टाळ्या वाजल्या. बापलेकांनी वाजवल्या नाहीत, पेटी उचलली आणि बाहेर पडले.

गाडीत बसल्यावर दार जरा जोरातच आपटलं धनेशने. अण्णांनी घाईघाईने सीटबेल्ट लावला.

"शिस्त म्हणे," धनेश म्हणाला. "नारळाची कसली शिस्त? करवंटी दिसायला हवी होती म्हणे. तीन महिने रणगाडा बनवायचा आणि मार्क कापायचे नारळाचे."

"मिशीला तूप लावून आल्ता," अण्णा म्हणाले. "आनि तो दातवाला. त्याच्या रणगाऱ्याला कीड लागल्यासारखी दिसत होती."

धनेशला हसू फुटलं. बराच वेळ तो हसत राहिला. अण्णाही हसले. मग मुंब्र्याच्या बायपासला लागेपर्यंत त्यांनी रिसालदार, दातवाला, हॉलचे पंखे आणि तिथला गार चहा यांना यथेच्छ शिव्या घातल्या.

"पण पुढच्या वेळी नारळ घालायचाच," धनेश म्हणाला. "पस्तिसाव्या हिश्श्यात म्हणजे धण्याचा दाणा. तपकिरी असतो, रेघाही असतात."

"शेंडी कुठनं आनशील?"

"जुन्या ब्रशचा केस. चिकटवायचा. आणि फोडलेला दाखवायचा तर धणे मधून कापून आत पांढरा रंग. पण पांढरा एकदम नाही लावायचा, अण्णा, आधी खाली पिवळट थर द्यायचा, तो वाळला की..."

शीळफाट्याला गाड्यांची रांग लागली होती. डंपर, कंटेनर, बस, कोणी जागचं हलत नव्हतं. धनेश स्टीअरिंग सोडून हातवारे करत सांगत होता. स्प्रे किती अंतरावरून मारायचा, तेलाचा ओघळ खालून वर का काढत नाहीत, खाडीचा चिखल आणि रस्त्याचा चिखल यांत फरक काय. अण्णांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढच्या डंपरचा क्लीनर खाली उतरून लोकांना सांगत आला की पुढे काहीतरी बंद पडलंय, तासभर तरी हलणार नाही. त्याचे दात घासायला हवे होते आणि डंपर धुवायला हवा होता, पण अण्णांनी त्याला चक्क हात जोडले. मग ते सीटवर जरा मागे सरून, पाय पसरून नीट बसले.

"हां," ते म्हणाले. "मंग? तो थर वालला की?"